अमेरिकेत गाडीच्या इन्शुरन्समध्ये खंड पडला तर लायसन्सही जातं, ते परत मिळवायला किती खर्च येतो?

"दीड महिना पुण्याला चाललोय, गाडी नुसती उभी राहणार. मग तेवढ्या दिवसांचा इन्शुरन्स कशाला भरायचा?"

अमेरिकेत राहणाऱ्या कित्येक मराठी घरांत सुट्टीच्या आधी हा हिशोब होतो आणि तो चुकीचा वाटतही नाही. गाडी रस्त्यावर येणार नाही, म्हणजे कुणाला धडकणार नाही. मग विमा हवा कशाला? ॲपवर जाऊन पॉलिसी रद्द करायची, परत आल्यावर नवी घ्यायची आणि मधले दोन-तीनशे डॉलर वाचवायचे, इतका साधा विचार असतो.

परत आल्यावर पत्रांच्या पेटीत राज्याच्या वाहन खात्याचं पाकीट पडलेलं असतं. गाडीचं रजिस्ट्रेशन निलंबित झालंय, अमुक तारखेपर्यंत दंड भरा, नाहीतर लायसन्सही निलंबित होईल, असा त्यातला मजकूर. काही राज्यांत तर पत्र हातात पडेपर्यंत लायसन्स निलंबित झालेलंही असतं.

ही वेळ सुट्टीवर गेलेल्यांवरच येते असं नाही. क्रेडिट कार्ड बदललं म्हणून ऑटो-पे फेल झालं, नोकरी गेली म्हणून हप्ता थकला, एका राज्यातून दुसऱ्या राज्यात घर हलवलं, गाडी विकून कायमचं भारतात परत आलं, यातल्या कुठल्याही कारणाने हा खंड पडू शकतो. त्यानंतर लायसन्स परत मिळवायला नेमका किती खर्च येतो, तो कुठे कुठे लपलेला असतो आणि मुळात टाळता कसा येतो, याची ही माहिती.

भारतातली सवय तिथे का नडते?

भारतातही थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ मध्ये ते लिहिलंय. विमा नसताना गाडी चालवताना सापडलं, तर कलम १९६ नुसार पहिल्यांदा २,००० रुपये आणि पुढच्या वेळी ४,००० रुपये दंड होतो. दोन्ही वेळेस ३ महिन्यांपर्यंतच्या कैदेचीही तरतूद आहे. पण यातला महत्त्वाचा शब्द 'चालवताना' हा आहे. गाडी घराखाली कव्हर घालून उभी असेल आणि पॉलिसी संपली असेल, तर आरटीओकडून दंडाचं पत्र येत नाही. फक्त पॉलिसी संपली म्हणून कुणाचं लायसन्सही निलंबित होत नाही. नुकसान होतं ते नो क्लेम बोनसचं. ९० दिवसांच्या आत पॉलिसी रिन्यू केली नाही तर साठवलेला बोनस जातो.

त्यामुळे 'गाडी बाहेर काढू तेव्हा विमा उतरवू' ही सवय अंगात मुरलेली असते.

अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत मात्र विमा गाडीच्या रजिस्ट्रेशनला बांधलेला असतो. गाडीवर त्या राज्याची नंबर प्लेट आहे तोपर्यंत विमा चालू हवा. गाडी चालते की उभी आहे याच्याशी संबंध नाही. मॅसॅच्युसेट्सने १९२७ मध्ये गाडीचा विमा सक्तीचा केला, न्यूयॉर्कने १९५६ मध्ये कायदा केला आणि हळूहळू जवळपास सगळी राज्यं त्या वाटेने गेली. न्यू हॅम्पशायरमध्ये आजही गाडीचा विमा सरसकट सक्तीचा नाही, पण हा अपवाद समजायचा.

डीएमव्हीला कळतं कसं?

यात पोलिसांनी अडवायची गरजच पडत नाही. न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया, फ्लोरिडा यांसारख्या राज्यांत विमा कंपन्यांना प्रत्येक नव्या आणि रद्द झालेल्या पॉलिसीची माहिती थेट राज्याच्या वाहन खात्याला, म्हणजे डीएमव्हीला, इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पाठवावी लागते. गाडीच्या १७ अक्षरी-अंकी व्हिआयएन नंबरवरून ती माहिती रजिस्ट्रेशनशी जुळवली जाते. जुनी पॉलिसी बंद झाली आणि नवी दिसत नाही, असं सिस्टीमला आढळलं की पत्र निघतं.

या पद्धतीमुळे कधीकधी चुकीची पत्रंही येतात. कंपनी बदलताना नव्या कंपनीने व्हिआयएनमधला एखादा आकडा चुकवला, तर विमा असूनही रेकॉर्डवर खंड दिसतो. अशा वेळी नव्या कंपनीला फोन करून माहिती दुरुस्त करून पाठवायला सांगायचं आणि पत्रातल्या मुदतीत डीएमव्हीला उत्तर द्यायचं. खंड नव्हताच हे सिद्ध झालं तर दंड लागत नाही. पण पत्राकडे दुर्लक्ष केलं, तर विमा असलेल्या माणसाचंही रजिस्ट्रेशन निलंबित होतं.

पत्र जुन्या पत्त्यावर जाणं ही दुसरी अडचण. न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्नियात घर बदलल्यापासून १० दिवसांत डीएमव्हीला नवा पत्ता कळवावा लागतो. व्हिसावर असलेली माणसं इमिग्रेशन खात्याला पत्ता आठवणीने कळवतात, पण डीएमव्ही हे वेगळं, राज्याचं खातं आहे हे लक्षात राहत नाही. पत्र आलंच नाही हे कारण सहसा चालत नाही.

न्यूयॉर्कचा हिशोब : दिवसागणिक वाढणारा दंड

खर्च कसा चढत जातो ते समजायला न्यूयॉर्कचं उदाहरण सगळ्यात सोपं आहे. तिथे खंडाच्या दिवसांवर दंड ठरतो.

- पहिले ३० दिवस : रोज ८ डॉलर
- ३१ ते ६० दिवस : रोज १० डॉलर
- ६१ ते ९० दिवस : रोज १२ डॉलर

समजा, क्वीन्समध्ये राहणाऱ्या एका कुटुंबाने भारतात येताना ४५ दिवसांसाठी विमा बंद केला. त्यांचा महिन्याचा हप्ता १५० डॉलर धरला, तर दीड महिन्याचे २२५ डॉलर वाचले. दंड मात्र पहिल्या ३० दिवसांचे २४० आणि पुढच्या १५ दिवसांचे १५०, असा ३९० डॉलर होतो. वाचवायला गेले २२५, द्यावे लागले ३९०. हाच खंड ६० दिवसांचा झाला तर दंड ५४० डॉलर आणि पूर्ण ९० दिवसांचा झाला तर ९०० डॉलर.

इथवर प्रश्न निदान पैशांवर मिटतो. दंड भरून रजिस्ट्रेशनचं निलंबन टाळता येतं. पण ही सवलत ३६ महिन्यांत एकदाच मिळते आणि खंड ९० दिवसांपेक्षा जास्त नसेल तरच मिळते.

९० दिवस उलटून गेले की पैसे भरून सुटका नाही. विमा जितके दिवस नव्हता तितके दिवस रजिस्ट्रेशन निलंबित होतं आणि त्याबरोबर मालकाचं ड्रायव्हिंग लायसन्सही तितकेच दिवस निलंबित होतं. १०० दिवसांचा खंड असेल तर १०० दिवस लायसन्स नाही. मुदत संपल्यावर ते पुन्हा चालू करायची फी फक्त ५० डॉलर आहे.

हे ५० डॉलर वाचून 'एवढंच?' असं वाटू शकतं. पण खरा खर्च त्या १०० दिवसांत होतो. मॅनहॅटनमध्ये सबवे आहे, तिथे निभावून जाईल. जिथे बस दिवसातून चार वेळा येते किंवा येतच नाही, अशा गावात ऑफिसला रोज उबरने जायचं, मुलांना शाळेत सोडायला शेजाऱ्यांना सांगायचं, किराणा आणायला कुणाची तरी गाडी बघायची. तीन महिन्यांचा हा खर्च ५० डॉलरच्या कितीतरी पट होतो.

याहून वाईट प्रसंग म्हणजे विमा नसताना गाडी चालवताना सापडणं किंवा अपघात होणं. न्यूयॉर्कमध्ये त्यावर कोर्टाचा १,५०० डॉलरपर्यंत दंड आहे. शिवाय लायसन्स किमान एक वर्षासाठी रद्द होतं आणि ते परत हवं असेल तर डीएमव्हीला वेगळे ७५० डॉलर भरावे लागतात. 'निलंबित' आणि 'रद्द' या दोन शब्दांत मोठा फरक आहे. निलंबित लायसन्स मुदत संपल्यावर आणि फी भरल्यावर परत चालू होतं. रद्द झालेल्या लायसन्ससाठी नव्याने अर्ज करावा लागतो आणि तो मंजूर करायचा की नाही हे डीएमव्ही ठरवतं.

राज्य बदललं की बिल बदलतं

अमेरिकेत लायसन्स आणि रजिस्ट्रेशन हा राज्यांचा विषय आहे. त्यामुळे एकाच चुकीचं बिल राज्यागणिक वेगळं येतं.

*न्यू जर्सी :* एडिसन, जर्सी सिटी या भागांत भारतीयांची मोठी वस्ती आहे, त्यामुळे हे राज्य अनेक मराठी घरांच्या ओळखीचं. इथे विमा नसताना गाडी चालवल्याचं पहिल्यांदा सिद्ध झालं, तर ३०० ते १,००० डॉलर दंड, समाजसेवा आणि एक वर्षापर्यंत लायसन्स निलंबन होऊ शकतं. लायसन्स परत घ्यायची फी १०० डॉलर. पण यावर आणखी एक सरचार्ज आहे : वर्षाला २५० डॉलर, सलग ३ वर्षं, म्हणजे एकूण ७५०. कमीत कमी दंड धरला तरी ३०० अधिक १०० अधिक ७५०, म्हणजे १,१५० डॉलर होतात आणि कोर्टाचा खर्च वेगळा. सरचार्ज थकला की लायसन्स पुन्हा निलंबित.

*फ्लोरिडा :* इथे विम्यातला खंड थेट लायसन्सवर येतो. लायसन्स आणि नंबर प्लेट दोन्ही निलंबित होतात. परत मिळवायची फी पहिल्यांदा १५० डॉलर, त्यानंतर तीन वर्षांच्या आत दुसऱ्यांदा झालं तर २५० आणि पुढच्या प्रत्येक वेळी ५००.

*कॅलिफोर्निया :* नुसत्या खंडासाठी इथे आधी गाडीचं रजिस्ट्रेशन निलंबित होतं, ते परत चालू करायची फी १४ डॉलर. ऐकायला अगदी किरकोळ. पण विमा नसताना अपघात झाला, तर लायसन्स ४ वर्षांपर्यंत निलंबित होऊ शकतं. एक वर्षानंतर ते परत मिळू शकतं, पण पुढची ३ वर्षं विमा चालू असल्याचा खास पुरावा राज्याकडे ठेवावा लागतो. पोलिसांनी पकडलं तर पहिल्या वेळचा मूळ दंड १०० ते २०० डॉलर आहे, पण त्यावर राज्याचे आणि काउंटीचे इतके अधिभार चढतात की हातात पडणारं बिल त्याच्या काही पट असतं.

*टेक्सास :* पहिल्यांदा १७५ ते ३५० डॉलर दंड, पुढच्या वेळी ३५० ते १,००० डॉलर. दुसऱ्यांदा गुन्हा सिद्ध झाला तर लायसन्स निलंबित होतं, परत घ्यायची फी १०० डॉलर आणि २ वर्षं विम्याचा खास पुरावा.

एसआर-२२ म्हणजे काय?

वर दोनदा आलेला 'खास पुरावा' म्हणजे एसआर-२२. बरेच जण याला वेगळ्या प्रकारचा इन्शुरन्स समजतात, पण हा फक्त एक फॉर्म आहे. 'या माणसाकडे राज्याला हवा तितका विमा आहे आणि तो बंद पडला तर आम्ही लगेच कळवू', असं विमा कंपनीने राज्याला दिलेलं हमीपत्र.

फॉर्म भरण्याची फी साधारण १५ ते ५० डॉलरच्या आसपास असते. महाग पडतो तो त्यामागचा विमा. ज्याला एसआर-२२ लागतो तो कंपनीच्या दृष्टीने जोखमीचा ग्राहक होतो, त्यामुळे हप्ता वाढतो. काही कंपन्या असे ग्राहक घेतच नाहीत. हा वाढीव हप्ता दोन किंवा तीन वर्षं भरत राहावा लागतो. लायसन्स परत मिळवण्याच्या एकूण खर्चातला सगळ्यात मोठा भाग बहुतेक वेळा हाच असतो आणि डीएमव्हीच्या फीच्या तक्त्यात तो कुठेच दिसत नाही.

एसआर-२२ चालू असताना एखादा हप्ता चुकला, तर कंपनी तसं राज्याला कळवते आणि लायसन्स परत निलंबित होतं. अनेक राज्यांत दोन-तीन वर्षांची मोजणीही पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

गाडी विकून टाकली असेल तरी लायसन्स परत हवं असेल तर हा पुरावा द्यावा लागतो. त्यासाठी 'नॉन-ओनर' पॉलिसी मिळते. स्वतःची गाडी नसलेल्या, पण अधूनमधून दुसऱ्याची गाडी चालवणाऱ्या माणसासाठी ती असते आणि नेहमीच्या पॉलिसीपेक्षा सहसा स्वस्त पडते.

न्यूयॉर्क आणि पेनसिल्व्हेनिया एसआर-२२ वापरत नाहीत. म्हणून तिथे खर्च कमी असं मात्र नाही, वसुलीचा मार्ग फक्त वेगळा आहे.

साधा खंड पडला आणि एसआर-२२ लागला नाही तरी नवी पॉलिसी घेताना कंपनी 'याआधी सलग विमा होता का' हे विचारते. उत्तर 'नाही' असेल तर अनेक राज्यांत दर वाढतो. कॅलिफोर्नियात १९८८ साली जनमताने मंजूर झालेल्या प्रपोझिशन १०३ मुळे आधी विमा नव्हता एवढ्या कारणावरून दर वाढवायला बंदी आहे. बाकी बहुतेक ठिकाणी तसं संरक्षण नाही.

फीपेक्षा मोठी जोखीम

अपघात झाला आणि चूक विमा नसलेल्याची असेल, तर समोरच्याच्या उपचाराचा, गाडीचा, बुडालेल्या पगाराचा खर्च त्याच्याच खिशातून जातो. हा आकडा किती होऊ शकतो याचा अंदाज यावरून येईल : कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२५ पासून किमान विम्याची मर्यादा वाढवून एका जखमी व्यक्तीसाठी ३०,००० डॉलर, एका अपघातातल्या सगळ्या जखमींसाठी मिळून ६०,००० डॉलर आणि मालमत्तेच्या नुकसानीसाठी १५,००० डॉलर केली. हे किमान आकडे आहेत. कोर्टाने भरपाईचा निकाल दिला आणि ती भरली नाही, तर अनेक राज्यांत त्या कारणावरूनही लायसन्स अडकतं.

चूक समोरच्याची असेल तरी विमा नसलेला माणूस अडचणीत येतो. कॅलिफोर्नियात १९९६ च्या प्रपोझिशन २१३ नुसार विमा नसलेल्या चालकाला वेदना आणि त्रासाबद्दलची भरपाई मागता येत नाही. न्यू जर्सीचा कायदा त्याहून कडक आहे. स्वतःच्या विमा नसलेल्या गाडीत जखमी झालेल्या चालकाला नुकसानभरपाईचा दावा लावण्याचा हक्कच राहत नाही.

निलंबित लायसन्सवर गाडी चालवली तर?

बरेच जण इथेच चुकतात. दंड भरला, नवा विमा घेतला, आता सगळं ठीक, असं समजून गाडी काढतात. पण डीएमव्हीच्या रेकॉर्डवर लायसन्स 'वैध' दिसेपर्यंत ते निलंबितच असतं.

न्यूयॉर्कमध्ये निलंबित लायसन्सवर गाडी चालवणं हा साधा ट्रॅफिक दंडाचा विषय नाही, तो फौजदारी गुन्हा आहे. सगळ्यात खालच्या पातळीलाही २०० ते ५०० डॉलर दंड आणि ३० दिवसांपर्यंत कैद होऊ शकते. एच-वन-बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांसाठी हे अधिक गंभीर आहे. कारण व्हिसाच्या डीएस-१६० फॉर्ममध्ये अटक किंवा दोषसिद्धीबद्दल थेट प्रश्न असतो आणि त्याचं खरं उत्तर द्यावं लागतं. शंभर-दोनशे डॉलर वाचवण्यासाठी केलेला उद्योग मुंबईतल्या कॉन्सुलेटच्या खिडकीपर्यंत जाऊ शकतो तो असा.

'माझ्याकडे भारतातलं लायसन्स किंवा इंटरनॅशनल परमिट आहे, त्यावर चालवतो', ही पळवाटही चालत नाही. राज्य निलंबित करतं तो त्या राज्यात गाडी चालवण्याचा अधिकार, नुसतं प्लास्टिकचं कार्ड नव्हे. दुसऱ्या राज्यात जाऊन नवं लायसन्स काढायचा प्रयत्न केला तरी 'नॅशनल ड्रायव्हर रजिस्टर'मध्ये आधीच्या निलंबनाची नोंद सापडते आणि आधी ते प्रकरण मिटवून या, असं सांगितलं जातं.

ज्याच्याकडे पैसे नसतात त्याचं काय?

विम्यात खंड पडणाऱ्यांत सुट्टीवर जाणारे थोडेच असतात. बऱ्याच जणांचा हप्ता पैसे नाहीत म्हणून थकतो. मग लायसन्स जातं, लायसन्स नाही म्हणून कामावर जाता येत नाही, काम नाही म्हणून दंड भरता येत नाही आणि दंड थकला म्हणून लायसन्स अडकूनच राहतं.

टेक्सासने हे मोठ्या प्रमाणावर अनुभवलं. तिथे २००३ पासून विमा नसल्याच्या गुन्ह्यावर दंडाशिवाय वर्षाला २५० डॉलर, ३ वर्षं, असा सरचार्ज होता. तो भरता न आल्याने लाखो लोकांची लायसन्स निलंबित झाली. बरेच जण तशीच गाडी चालवत राहिले आणि आणखी अडकत गेले. शेवटी १ सप्टेंबर २०१९ पासून टेक्सासने ही योजनाच बंद केली. मिशिगननेही अशीच योजना २०१८ मध्ये गुंडाळली. न्यू जर्सीत सरचार्ज अजून चालू आहे, पण तिथे सरकारी मेडिकेडवर असलेल्या गरजू लोकांसाठी वर्षाला ३६५ डॉलरची, म्हणजे 'रोजचा एक डॉलर' पॉलिसी आहे. तिचं संरक्षण फार मर्यादित आहे, पण कायद्याची विम्याची अट त्यातून पूर्ण होते. कॅलिफोर्नियातही कमी उत्पन्नाच्या चालकांसाठी राज्याची स्वस्त विमा योजना आहे. हप्ता झेपत नसेल तर पॉलिसी नुसती बंद पडू देण्याआधी या योजनांची चौकशी करणं केव्हाही स्वस्त पडतं.

लायसन्स गेलंच असेल तर काय करायचं?

१. सगळ्यात आधी नवा विमा घ्यायचा. खंडाचा प्रत्येक दिवस बिल वाढवतो. विम्याशिवाय पुढचं कुठलंच पाऊल टाकता येत नाही.

२. राज्याच्या डीएमव्हीच्या अधिकृत वेबसाइटवर स्वतःचं रेकॉर्ड बघायचं. कधीकधी एकाच माणसावर दोन-तीन निलंबनं असतात : एक विम्याचं, एक जुन्या न भरलेल्या चलनाचं. प्रत्येकाची फी वेगळी असते आणि एक भरून दुसरं सुटत नाही.

३. त्या राज्यात एसआर-२२ लागतो का आणि किती वर्षांसाठी, हे लेखी विचारून घ्यायचं. लागत असेल तर दोन-तीन कंपन्यांचे दर तपासायचे, कारण यात कंपन्यांचे दर एकमेकांपेक्षा बरेच वेगळे असतात.

४. फी आणि दंड अधिकृत साइटवर किंवा ऑफिसातच भरायचे. 'लायसन्स लगेच चालू करून देतो' म्हणणारे एजंट वरचे पैसे घेतात, पण निलंबनाची मुदत त्यांना कमी करता येत नाही.

५. लायसन्स वैध झाल्याची खात्री झाल्याशिवाय गाडीला हात लावायचा नाही. पावती म्हणजे लायसन्स नव्हे.

मुळात ही वेळच कशी टाळायची?

सगळ्या भानगडीत कळीची गोष्ट क्रमाची आहे. न्यूयॉर्क, न्यू जर्सी, फ्लोरिडा अशा राज्यांत आधी नंबर प्लेट परत करायची, पावती घ्यायची आणि त्यानंतरच विमा रद्द करायचा. उलटं केलं की खंड मोजायला सुरुवात होते.

भारतात नंबर प्लेट गाडीबरोबरच राहते, गाडी विकली तरी तोच नंबर नव्या मालकाकडे जातो. त्यामुळे प्लेट परत करायची असते हे सुचतच नाही. या राज्यांत मात्र प्लेट मालकाच्या नावाशी जोडलेली असते. गाडी विकल्यावर प्लेट काढून स्वतःकडे घ्यायची आणि डीएमव्हीला परत द्यायची किंवा दुसऱ्या गाडीला लावून घ्यायची. कायमचे भारतात परतणारे काही जण आठवण म्हणून प्लेट बॅगेत टाकतात आणि विमा रद्द करतात. राज्याच्या रेकॉर्डवर गाडी अजून त्यांच्याच नावावर असते आणि तिचा विमा मात्र बंद झालेला असतो. पुढे कधी कामानिमित्त परत अमेरिकेत गेलं की हे जुनं निलंबन वाट बघत असतं.

राज्य बदलतानाही हेच. न्यूयॉर्कहून टेक्साससला जाऊन तिथला विमा घेतला, पण न्यूयॉर्कची प्लेट परत केली नाही, तर न्यूयॉर्कच्या दृष्टीने गाडीला विमा नाही. दुसऱ्या राज्यातली पॉलिसी न्यूयॉर्कच्या रजिस्ट्रेशनला चालत नाही. म्हणून नव्या राज्यात गाडी रजिस्टर करेपर्यंत जुना विमा चालू ठेवायचा आणि मग जुनी प्लेट पाठवून द्यायची.

कॅलिफोर्नियात प्लेट सहसा गाडीवरच राहते. तिथे गाडी काही काळ वापरायची नसेल तर डीएमव्हीकडे 'नॉन-यूज'चं प्रतिज्ञापत्र भरता येतं, तेही विमा बंद करण्याआधी.

प्लेट काढलेली गाडी रस्त्याच्या कडेला उभी ठेवता येत नाही, टो होते. तिला स्वतःची किंवा ओळखीच्या माणसाची बंदिस्त जागा हवी. गाडीवर कर्ज असेल किंवा ती लीजवर असेल तर विमा बंद करणं करारातच बसत नाही. बँक स्वतः महागडा विमा उतरवून त्याचे पैसे कर्जदाराकडून वसूल करू शकते.

म्हणून महिना-दीड महिन्याच्या सुट्टीसाठी बहुतेक वेळा पॉलिसी चालू ठेवणंच परवडतं. कंपनीला फोन करून गाडी कमी चालणार असल्याची सवलत मिळते का किंवा एखादं ऐच्छिक कव्हर तात्पुरतं कमी करता येतं का, हे विचारावं. थर्ड पार्टीचा सक्तीचा भाग तेवढा सोडायचा नाही. निघण्याआधी ऑटो-पेचं कार्ड चालू आहे ना, त्याची मुदत मधेच संपत नाही ना आणि डीएमव्हीकडे पत्ता बरोबर आहे ना, हे तपासायला दहा मिनिटंही लागत नाहीत. आणि तुमच्या घरातलं कुणी तिकडे असेल, यंदा सुट्टीला येणार असेल, तर तिकिटं काढली का विचारताना गाडीच्या विम्याचं काय केलं, हेही विचारून घ्या.